हिचा फोटो

"माझे फोटो चांगले येतच नाहीत," असं आमची ही लग्नापासून म्हणत आली आणि मी मान डोलवत आलो. परवा तिच्या सेवानिवृत्तीच्या पत्रिकेसाठी फोटो हवा होता. शोधतोय तर तिचा एकटीचा धड असा एकही नाही! माझे मात्र ढिगाने, आणि तेही तिनेच काढलेले. खरं सांगतो, लाज वाटली.

मी पडलो गणिताचा मास्तर. चूक मांडूनच पाहिली. मी मोबाईल तिच्या नाकापासून फूटभरावर धरायचो. कान नाकाच्या मागे साधारण ५ इंच. म्हणजे नाक १२ इंचांवर, कान १७ वर. नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठं येणारच! तेच ५ फुटांवरून काढा, ६० आणि ६५, फरक जेमतेम ८ टक्के. चेहरा तिचा बरोबर होता, अंतर माझं चुकत होतं. वर्गात मुलांना हे गणित जरूर घाला.

मग तिला खिडकीपाशी उभं केलं. थेट ऊन नको, त्याने डोळ्यांखाली काळं येतं. मी मागे सरकलो, थोडा झूम केला, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या रेषेत धरला. "हस" म्हटलं की ही ओठ मिटते. म्हणून तिच्या पहिल्या वर्गाबद्दल विचारलं. ती सांगत सुटली, मी बटण दाबत राहिलो.

वीसेक फोटोंतला एक तिने दोनदा मोठा करून पाहिला.

"अहो, हा द्या पत्रिकेला," म्हणाली. आणि पत्रिकेच्या आधी बहिणीला पाठवूनही मोकळी झाली.