कुंडीतलं अज्ञात पान



बावीस अभक्ष्यांच्या यादीत 'अज्ञात फळ' आहे. ज्याचं नाव-गुण माहीत नाहीत ते तोंडात घालू नये, इतका साधा नियम. मंडईतून ओळखीचीच भाजी आणणाऱ्या आपल्याला तो रोज आठवत नाही. पण हल्ली घरोघरी कुंड्या आहेत. कुणी फांदी देतं, कुणी रोप देतं, आणि त्यासोबत एखादा घरगुती उपायही येतो. तिथे हा नियम फार कामाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या सोनोग्राफीत लहानसा मुतखडा दिसला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. हे कळल्यावर शेजारच्या काकू मायेनं एक कुंडीच घेऊन आल्या. "हा पत्थरचट्टा. रोज अनशापोटी दोन पानं चावून खा, खडा विरघळतो." सासूबाई दुसऱ्या दिवशीपासूनच सुरू करणार होत्या. त्यांना हृदयाचीही गोळी चालू आहे, म्हणून मी म्हटलं, "आई, आधी झाड कोणतं ते बघू. दोन दिवस थांबा."

पत्थरचट्टा या नावावरून काहीच ठरत नाही. याच नावानं कुणी पानफुटी देतं, तर कुणी पानओवा. म्हणून नाव बाजूला ठेवलं आणि झाडाकडेच बघायला बसले. पान तोडावं लागलं नाही, एक गळून मातीवर पडलेलं होतं.

पानओव्याचं पान जाड असतं, पण त्यावर बारीक लव असते. बोट फिरवलं की मखमलीसारखं लागतं आणि चोळलं की ओव्याचा घमघमाट सुटतो. हे पान गुळगुळीत होतं, वासही नव्हता. म्हणजे पानओवा नाही.

पानफुटीचं पान रुंद, लंबगोल, कडेला गोलसर दाते असलेलं. झाड मोठं झालं की एका देठावर तीन ते पाच लहान पानं येतात. पान मातीवर पडलं की कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात. फुलं कंदिलासारखी खाली लोंबतात. आमच्या कुंडीतलं पान मात्र लांबट, टोकाकडे निमुळतं, जवळजवळ त्रिकोणी होतं. कडा वर वळलेल्या, पाठीवर जांभळट डाग. आणि मुख्य म्हणजे पान झाडावर असतानाच त्याच्या कडेनं मण्यांच्या माळेसारखी इवलीइवली रोपं लागलेली. म्हणजे ही पानफुटीसुद्धा नव्हती.

नणंदेची मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला फोटो पाठवले: पूर्ण झाड, पानाची पुढची बाजू, मागची बाजू, आणि पान खोडाला जुळतं ती जागा. एकाच पानाचा फोटो दाखवला तर मोबाईल दर वेळी वेगळं नाव सांगतो, म्हणून एवढे फोटो हवेतच. तिचा लगेच फोन आला. "मामी, ही पानफुटीच्याच कुळातली आहे, कलांचो डेग्रेमोंटियाना. मूळची मादागास्करची. शोभेसाठी लावतात. पण हिच्यात बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात, ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. ऑस्ट्रेलियात या कुळातली झाडं खाऊन गुरं दगावली आहेत. आजीला अजिबात देऊ नकोस. आणि खरी पानफुटी मिळाली तरी तिच्यातही ही द्रव्यं असतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही नको."

सासूबाईंना विषाची गोष्ट पटेना. "इतके लोक खातात की," म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा लावून ते गळलेलं पान हातात घेतलं. कडेच्या रोपांना पांढरी मुळं फुटली होती. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा रोजचा स्वाध्याय असतो. गोम्मटसाराच्या जीवकांडात साधारण वनस्पती ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत: शिरा, सांधे आणि पेरं उघड न दिसणं, तोडल्यावर सरळ सारखे तुकडे होणं, आत तंतू नसणं, छाटलं तरी पुन्हा उगवणं. "छिन्नरुह गं हे," त्या हळूच म्हणाल्या, आणि पान परत कुंडीत ठेवलं. त्यानंतर खायचा विषय निघाला नाही. शास्त्रकारांनीही वनस्पती ओळखायची ती तिच्या शरीरावरच्या खुणांनीच, ऐकीव नावानं नव्हे, हे मला त्या दिवशी नव्यानं जाणवलं.

काकूंना सांगायचं जरा अवघड होतं. त्यांनी प्रेमानं दिलं होतं. पण न सांगून चालणार नव्हतं, कारण हेच रोप त्यांनी आपल्या जावेलाही दिलं होतं. दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. काकूंनी माझ्यासमोरच जावेला फोन लावला.

झाड उपटून टाकायला मन होईना, तोही जीवच. गच्चीच्या वरच्या फळीवर, नातवंडांचा हात पोचणार नाही तिथे ठेवलं आहे. खाली ताट आहे, म्हणजे गळणारी रोपं दुसऱ्या कुंड्यांत शिरत नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे नवं रोप आलं तर एवढं बघा: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा कशी आहे, पाठीवर काय आहे, लव आहे का, वास कसला येतो, चीक येतो का. चीक असेल तर हात धुवा, डोळ्यांना लावू नका. फूल येईपर्यंत वाट बघा, फुलानं ओळख सर्वांत पक्की होते. तोवर कुंडीवर चिठ्ठी चिकटवा, 'अज्ञात'. घरातल्या लहानमोठ्यांना त्या एका शब्दाचा अर्थ बरोबर कळतो.