सात अठ्ठे छप्पन्न

पाढे आधी तोंडाला येतात, मग डोक्यात शिरतात. तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लागला, शुभंकरोती झाली, की परवचा म्हणायचा, ही आपल्याकडच्या कितीतरी घरांतली रीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी... अपूर्णांकांचेसुद्धा पाढे असत. अठराची अडीचपट विचारली, तर माझे वडील सुपारी कातरता कातरता ‘पंचेचाळीस’ म्हणत. आम्ही कचेरीत एवढ्यासाठीही कॅल्क्युलेटर पुढे ओढतो.

आता घरातली मुले ‘सेव्हन एट्झा फिफ्टी सिक्स’ म्हणतात. त्यात वाईट काही नाही. उत्तर तेच येते. पण मुलगी तिसरीत असताना माझ्या आईने तिला विचारले, ‘‘बाये, सात अठ्ठे किती गो?’’ पोर गप्प! आईला वाटले, नात गणितात कच्ची. नातीला वाटले, आजी काहीतरी भलतेच विचारते. खरे तर उत्तर दोघींनाही येत होते.

मुलांची अडचणही खोटी नव्हे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन ऐकू येतो, मग साठ. इंग्रजीत नेमके उलट. म्हणून कित्येक मुले ६३ च्या जागी ३६ लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, त्यामागे हेच कारण होते. त्यावर वादही बराच झाला. संख्या समजायला ते सोपे असेल, पण ‘सात नव्वे त्रेसष्ट’ जिभेवर जसे बसते, तसे ‘सात नव्वे साठ तीन’ बसत नाही.

आमच्या घरी आम्ही कागदावर चौकट आखली. दोन ते नऊचे पाढे, प्रत्येकी दोन ते नऊ पटींपर्यंत, म्हणजे चौसष्ट उत्तरे. सात अठ्ठे आणि आठ सत्ते एकच, हे मुलीला पटले आणि उरली छत्तीस. दोनाचा आणि पाचाचा पाढा तिला येतच होता, त्यात पंधरा गेली. नवाच्या पाढ्यात दशक एकाने वाढतो, एकक एकाने उतरतो, आणि दोन्हींची बेरीज नऊच. त्या युक्तीने आणखी सहा गेली. पाठ करायची राहिली फक्त पंधरा! एवढीच, म्हटल्यावर तिची निम्मी भीती पळाली.

ती पंधरा आजीने मराठीतून घोकून घेतली, रोज तीन. नातीने त्याबदल्यात आजीला ‘सेव्हन एट्झा’ शिकवले.

शाळेचे माध्यम आपण सोय पाहून निवडतो, त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांचा भाव कोणी ‘पावणेदोनशे’ सांगितला, तर आपल्या मुलाला किती पैसे काढायचे ते कळावे, आणि आजीने विचारलेले गणित नातवंडांना समजावे. त्यासाठी संध्याकाळची दहा मिनिटे पुरतात. टीव्ही तेवढा बंद हवा.