इंजिनाचा हिवाळा

नागपुरात राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले, 'मोटारीचे इंजिन गरम करायला तुम्ही काय वापरता?' तर तो विचारणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून पाहील. इंजिन तापू नये म्हणून आमच्याकडे माणसे काय काय करतात! कोणी सकाळी उठल्याबरोबर बॉनेट उघडून पाण्याची बाटली पाहतो, कोणी कडुनिंबाखालची जागा शेजाऱ्याने बळकावू नये म्हणून तिथे जुनी सायकल आडवी टाकून ठेवतो. २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात बसून इंजिन उबदार ठेवण्याच्या यंत्रावर लिहायचे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असेच वाचकांना वाटेल. पण आमच्या घरातल्या तेलाच्या तंट्याची सुरुवात त्या यंत्रापासूनच झाली, त्याला माझा इलाज नाही.

माझी पुतणी कॅनडात विनिपेगला असते. तिच्याकडे हायब्रिड मोटार आहे आणि जरीपटक्यात आमच्याकडेही हायब्रिड मोटारच आहे. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा एकत्र संसार. कधी एक ओढते, कधी दुसरी, कधी दोघे मिळून. बॅटरी ती चालता चालता स्वतःच भरून घेते. भिंतीच्या प्लगाशी तिला कर्तव्य नाही. वायर लावायची कटकट नको म्हणूनच आम्ही ही गाडी घेतली होती. आणि एके दिवशी पुतणीने फोटो पाठवला, त्यात तिच्या गाडीच्या नाकातून चांगली जाडजूड वायर लोंबत होती आणि अंगणातल्या खांबाच्या प्लगात गेली होती!

सौ. म्हणाली, "फसवलं वाटतं पोरीला. हिची गाडी विजेवर चालते."

चौकशी केली तेव्हा कळले, की ती वायर बॅटरीची नव्हे, इंजिनाची. त्या यंत्राला म्हणतात ब्लॉक हीटर. आपल्याकडे बादलीत पाणी तापवायला जो रॉड सोडतात, त्याचाच हा लांबचा भाऊ. इंजिनाच्या पोटात खेळणारे पाणी तो निघण्यापूर्वी दोनचार तास तापवत बसतो. विनिपेगला जानेवारीच्या रात्री उणे २० अंश ही नेहमीची गोष्ट. त्या थंडीत इंजिनातले तेल आळते, बॅटरी अर्धमेली होते, आणि किल्ली फिरवली तरी इंजिन नुसते कण्हते. म्हणून तिथल्या वाहनतळांवर गाडीगणिक प्लगाचे खांब असतात. आपल्याकडे गोठ्यात जनावरागणिक दावे असते तसे.

हे यंत्र निघाले तेही त्याच मुलखात. विनिपेगच्या दक्षिणेला, सरहद्दीपलीकडे, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचे गाव आहे. तिथे वीज सहकारी संस्थेत काम करणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थाने कपड्यांच्या इस्त्रीतले तापणारे भेंडोळे काढून असा हीटर जुळवला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याआधी उत्तरेकडचे वैमानिक रात्री विमान थांबले की इंजिनातले तेल डब्यात काढून घेत, तो डबा घरात चुलीशेजारी ठेवीत आणि सकाळी गरम तेल पुन्हा ओतून विमान सुरू करीत. टोयोटाने तर २००३ साली काढलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस गाडीत, अमेरिकेसाठी, चक्क एक थर्मास बसवला होता. गाडी बंद करताना इंजिनातले गरम पाणी त्यात भरून राहायचे आणि पुढच्या खेपेला इंजिनाला आयते मिळायचे. प्रवासाला निघताना आपण चहा भरून घेतो, तसेच की हे!

मला गंमत वाटली. पण पुतणीने फोन ठेवता ठेवता विचारले, "काका, तुम्ही गाडीत तेल कोणतं घालता?" आणि गंमत तिथेच संपली. कारण आमच्या गाडीची वॉरंटी नुकतीच संपली होती, आणि तेल कोणते घालायचे हे आमच्या घरात मी ठरवीत नाही, मिस्त्री ठरवतात.

मिस्त्रींविषयी सांगितले पाहिजे. माझ्या वडिलांची अँबॅसिडर त्यांनीच सांभाळली. तेव्हा ते विशीतले पोरगे होते, आज साठी उलटली आहे. कामठी रोडच्या अंगाला त्यांचे टिनाचे गॅरेज आहे. जवळच्या ऑटोमोटिव्ह चौकात २०२२ पासून मेट्रो येते, पण गॅरेजपुढची वर्दळ मात्र ओसरली. नव्या गाड्या पहिली काही वर्षे कंपनीच्या वर्कशॉपकडेच जातात, आणि त्यानंतरही पुष्कळांची वाट बदलत नाही. आमची गाडी तीन वर्षांनी आपल्याकडे परत येणार, हे मिस्त्रींनी मनात धरून ठेवले होते. एप्रिल लागला तसे एका सकाळी ते स्वतःच दारात उभे राहिले. हातात साडेतीन लिटरचा नवाकोरा डबा, स्वतःच्या पैशांनी घेतलेला. वर लिहिले होते, २०डब्ल्यू-५०.

मी गाडीची पुस्तिका पुढे केली. तिच्यात लिहिले होते, ०डब्ल्यू-१६.

मिस्त्री हसले. "हे तेल आहे का पाणी आहे जी? एवढं ऊन तापून रायलं नागपुरात, अन् हे टिकन का त्यात? बाबांच्या गाडीत मी जिंदगीभर वीस-पन्नासच टाकलं. गाडी बसली का कधी रस्त्यात?"

गाडी कधीच रस्त्यात बसली नव्हती. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. एकीकडे परदेशात छापलेली पुस्तिका, दुसरीकडे चाळीस वर्षांचा अनुभव, आणि तो अनुभव डबा घेऊन दारात उभा! 'हे तेल नको' असे म्हणणे म्हणजे 'तुमचा काळ संपला' असे म्हणण्यासारखेच होते. मी त्यांना आठ दिवसांची मुदत मागितली. मास्तरकी केलेल्या माणसाला मुदत मागण्याची सवय असते.

त्या आठ दिवसांत डब्यावरचे आकडे वाचायला शिकलो. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यातही वाहते राहते. शून्य म्हणजे मात्र शून्य अंश नव्हे. त्या तेलाची परीक्षा उणे ३५ अंशांवर घेतात, वीसवाल्याची उणे १५ वर. दुसरा आकडा १०० अंशांवरचा, म्हणजे चांगल्या तापलेल्या इंजिनातला. तिथे १६ जातीच्या तेलाचा दाटपणा त्यांच्या मापाने ६.१ ते ८.२ भरतो, ५० जातीचा १६.३ ते २१.९. अमेरिकेतल्या मोटार-एंजिनिअरांच्या संस्थेने ही वर्गवारी १९११ मध्ये सुरू केली, पुढे काळाप्रमाणे ती वाढत गेली.

पण आकडे दाखवून मिस्त्रींना पटवणे मला प्रशस्त वाटेना. मग आमच्या गल्लीतल्या तेलवाल्या साईंकडून पातळ तेलाची छोटी बाटली आणली. जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली वस्ती. त्यांच्या सिंधमध्ये जेकबाबाद आहे, म्हणजे उन्हाच्या बाबतीत त्यांना नागपूरने काही नवे शिकवायला नको. साई बाटली पुसत एवढेच म्हणाले, "आजकल इसका भी ग्राहक आता है, साईं." मिस्त्रींच्या डब्यातलेही थोडे तेल मागून घेतले, आणि दोन्ही तेले दोन स्वच्छ बाटल्यांत भरून रात्री सौ.च्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात ठेवली. तिने आधी नको म्हटले, मग बाटल्यांवर 'लोणचे नाही' अशी चिठ्ठी चिकटवली.

सकाळी मिस्त्री आले. दोन्ही बाटल्या मी आडव्या केल्या. पातळ तेल जरा आळसावल्यासारखे, पण लगेच वाहू लागले. जाड तेल थंडीतल्या काकवीसारखे जागचे हलेना. मिस्त्रींनी बाटली हातात घेतली, हलवली, उन्हाकडे धरून पाहिली. म्हणाले, "पण नागपुरात एवढी थंडी कुठं हाय?"

प्रश्न रास्त होता. नागपूरचा नीचांक २९ डिसेंबर २०१८ चा, ३.५ अंश. बर्फाचा कप्पा काही नागपूर नव्हे. म्हणून दुसरा प्रयोग गॅसवर केला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दोन्ही बाटल्या उभ्या केल्या आणि शेजारी, खोलीतल्या हवेवर, पातळ तेलाची तिसरी बाटली ठेवली. थोड्या वेळाने मिस्त्रींना म्हटले, "आता पाहा, कोणतं जाड आहे?" तापलेले वीस-पन्नास खोलीतल्या शून्य-सोळापेक्षाही पातळ झाले होते! हिशेबही तेच सांगतो. पातळ तेलाचा दाटपणा ४० अंशांवर पस्तीसच्या आसपास असतो, आणि १०० अंशांवर आलेले जाड तेल विसाच्या आगेमागे. म्हणजे मिस्त्रींनी जन्मभर ज्या जाडीवर भरवसा ठेवला, ती तापलेल्या इंजिनाला पुरत होती. गार इंजिनाला मात्र तेच तेल अनेक पटींनी घट्ट मिळत होते.

खरी गोष्ट अशी, की इंजिनाला गावाच्या हवेशी फारसे देणेघेणे नसते. बाहेर ४६ अंश असोत की ६, आतला थर्मोस्टॅट पाण्याला नव्वदीच्या आसपासच आणून ठेवतो. ऊन जाणवते ते रेडिएटरला, पंख्याला आणि आपल्याला. इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणावर होते ती सुरू होताना, तेल वरपर्यंत पोहोचेपर्यंतच्या त्या काही क्षणांत आणि पुढे अंगात ऊब येईपर्यंत. आणि हायब्रिडचे इंजिन तर घडीघडीला थांबते, घडीघडीला सुरू होते. इंदोरा चौकात सिग्नल लागला की ते बंद, पुढे चढ आला की सुरू. घरापासून बाजारापर्यंत गेलो तर ते तापते न तापते तोच परत घर येते. मेच्या उन्हातदेखील त्याचा सारा दिवस हिवाळ्यातल्या सकाळीसारखा जातो. विनिपेगला हिवाळा बाहेर असतो म्हणून तिथे प्लग लागतो. आमच्या इंजिनाचा हिवाळा आतला, त्यावर उपाय तेलाचा.

अँबॅसिडरची गोष्ट निराळी होती. तिच्या फटी ऐसपैस, झीज झाली की आणखी ऐसपैस. त्या भरून काढायला जाड तेलच हवे होते. नव्या इंजिनाच्या फटी केसाहून बारीक असतात, आणि त्यातले काही भाग तर तेलाच्याच दाबावर हलतात. मिस्त्रींनी बाबांच्या गाडीत घातलेले तेल बाबांच्या गाडीसाठी अगदी बरोबर होते. हे मी त्यांना मुद्दाम सांगितले, आणि ते खरेच होते.

त्यांनी पुस्तिका मागून घेतली, चष्मा लावला आणि तेलाचे पान माझ्याकडून मराठीत वदवून घेतले. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवले. तिथे लिहिले होते, की फार वेगाने किंवा फार ओझ्याने गाडी चालवायची असेल तर थोडे अधिक दाट तेल अधिक बरे पडेल. मिस्त्री ताठ झाले. "पाहा! समृद्धीवरून शिर्डीला जाता न तुम्ही पोराबाळांना घेऊन? मेच्या महिन्यात?" जातो. आणि पुस्तिकेच्या तक्त्यात ज्या थोड्याशा दाट तेलाला परवानगी होती, त्याच्यावर मिस्त्रींनी उन्हाळ्यापुरता हक्क सांगितला. वीस-पन्नास नव्हे, पण शून्य-सोळाही नव्हे, शून्य-वीस. मी मान्य केले. तक्ता त्यांच्या बाजूने होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला शिकवली, ती पुस्तिकेतही इतक्या ठसक्याने नव्हती. जुने तेल काढताना त्यांनी डिपस्टिक नाकाशी नेली आणि म्हणाले, "पेट्रोल वास मारून रायलं सर. गाडी नुसती गल्लीत फिरवता का?" इंजिन गार असताना थोडे पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते, तेल चांगले तापले तरच ती उडून जाते. बाजारापुरत्या फेऱ्यांत ते कधी तापतच नाही. म्हणून किलोमीटर कमी झाले तरी वर्ष भरले की तेल बदलायचे, आणि आठवड्यातून एकदा गाडीला लांब न्यायचे, असा त्यांचा हुकूम झाला. एखाद्या वैद्याने पथ्य सांगावे तसा.

हे पथ्य आम्ही पाळतो. रविवारी सकाळी कामठीवरून, कन्हान ओलांडून, मनसरच्या बाजूने रामटेकला जातो. जाऊन येऊन नव्वदेक किलोमीटर होतात. गडावर सौ. रामाचे दर्शन घेते, मी पायथ्याशी चहा घेतो, इंजिन आपले तेल तापवून घेते. मिस्त्री दोनदा आमच्याबरोबर आले. मागच्या सीटवर बसून त्यांचे लक्ष सारे पुढच्या पडद्यावर, इंजिन कधी सुरू होते आणि कधी बंद पडते ते मोजण्यात.

वीस-पन्नासचा तो डबा त्यांनी परत नेला नाही. त्यांच्या गॅरेजात अजून एक जुनी अँबॅसिडर येते, तिच्या मालकाला देईन म्हणाले. पण पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी सौ.ने शून्य-वीसच्या पैशांत त्याचेही पैसे मिळवून पाकीट पुढे केले आणि म्हणाली, "दोन्ही तेलं आमच्याच गाडीची होती, मिस्त्री. एक बाबांच्या, एक यांच्या." त्यांनी पाकीट खिशात ठेवले, बॉनेट उघडले, आणि आतल्या बाजूला काळ्या पेनने तारीख, किलोमीटर आणि तेलाचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. पुढच्या वर्षीची तारीखही त्याच्याखालीच घालून ठेवली.