जुन्या भिंगाची वहिवाट

१९८५ साली मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा बाजारात आणला आणि भिंगाचे कडे फिरवून दृश्य रेखीव करण्याची छायाचित्रकाराच्या डाव्या हाताची पिढीजाद चाकरी संपुष्टात येण्याची चिन्हे दिसू लागली. अर्धपारदर्शक आरशातून झिरपलेला प्रकाश तळाच्या संवेदकावर पडतो, भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांतील तफावत तेथे अजमावली जाते आणि मोटारीने कोणत्या दिशेस किती फिरावे याचा हुकूम तत्काळ सुटतो, हे सारे विलक्षण खरेच. परंतु मला कुतूहल होते ते या नव्या अमदानीत जुन्या भिंगांची काय व्यवस्था लागणार याचे. मिनोल्टाने भिंग जोडण्याचा नवा माउंट काढून ती बेदखल केली. १९८७ साली ईओएसच्या निमित्ताने कॅननने तोच मार्ग पत्करला. निकॉनने मात्र १९५९ पासूनचा माउंट राखला, आणि वडिलांनी दिलेल्या माझ्या ५० मिलिमीटर भिंगाची वहिवाट शाबूत राहिली.

वाशीच्या खाडीवरून आगगाडी १९९२ साली धावू लागली. तत्पूर्वीच आम्ही वाशीत बिऱ्हाड थाटले होते. (नव्या शहराच्या आराखड्यातही वाशीगाव, जुहूगाव आपापल्या जागी राहिलेच होते.) माझ्या निकॉन एफ-५०१ चे स्वयंचलित फोकस केवळ मध्यबिंदू जाणत असे, कातरवेळी मी ते जुने भिंग चढवून, व्ह्यूफाइंडरातील हिरव्या खुणेच्या साक्षीने, हातानेच काम भागवी.

पुढे आलेल्या एफ-८० मध्ये फोकसबिंदू पाच होते, पण चिपरहित भिंग लावताच त्याचा प्रकाशमापक मौन धारण करी. वतन कायम, उत्पन्न मात्र जप्त, असा तो न्याय! म्हणून पदरमोड करून मी एफ-१०० घेतला. जुन्या भिंगालाही तो प्रकाशाचा हिशेब इमानाने देई. चालत्या विषयाचा पुढील ठाव आधीच ताडणारे त्याचे फोकस नेरूळच्या पाणथळीवरून उठणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या थव्यावर असे काही खिळून राही की, हाताने कडे फिरवण्याचा माझा सारा अभिमान गळून पडला. सेकंदास साडेचार चित्रे घेण्याची त्याची शक्ती मात्र मी क्वचितच वापरली, कारण त्या वेगाने छत्तीस चित्रांचा रोल आठ सेकंदांत संपतो, आणि रोलचे व धुलाईचे पैसे खिशातूनच जात.

आता कन्येने आरसाच नसलेला निकॉन घेतला आहे. त्याचा माउंट निराळा. तथापि मध्ये एक जोडकडे घातले की तेच भिंग त्यावरही बसते. ते तिने मागितले आहे; मी अद्याप दिलेले नाही.