एकविसाव्या वाढदिवसाची धास्ती

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांची मुले एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर राहतात. तो मुलाच्या एकविसाव्या वाढदिवशी संपतो. आईवडिलांचे ग्रीन कार्ड तोवर झाले नसेल, तर चौथ्या-पाचव्या वर्षी तिथे गेलेल्या मुलालाही परदेशी विद्यार्थी म्हणून नवा व्हिसा घ्यावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत मराठी आणि तेलुगू घरांत याला ‘एज आउट होणे’ म्हणतात. अशा वाटेवरची मुले दोन-अडीच लाख असावीत, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यांत भारतीयांचा वाटा मोठा आहे.

स्थलांतरित घरांतल्या किशोरांविषयीचे मानसशास्त्र मुख्यतः दोन संस्कृतींच्या ओढाताणीभोवती फिरते. किशोरवय म्हणजे ‘मी कोण’ हे ठरवण्याचा काळ, हे मांडणारा एरिक एरिक्सन स्वतः १९३३ मध्ये युरोप सोडून अमेरिकेत आला होता. पुढे आलेहांद्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत यांनी १९९२ पासून मायामी आणि सान दिएगो परिसरातल्या पाच हजारांहून अधिक मुलांचा माग ठेवला. मुले नवी भाषा आणि रीत आईवडिलांच्या फार पुढे जाऊन उचलतात तेव्हा घरातला अधिकार उलटा फिरतो, हे त्यांनी दाखवले. बँकेचे पत्र मूल वाचते, डॉक्टरशी तेच बोलते, आणि मग बापाचे कोण ऐकणार?

भारतीय अभियंत्याच्या घराला हे चित्र फारसे लागू पडत नाही. आईवडील इंग्रजी बोलतात, घर हप्त्यांचे का होईना पण स्वतःचे असते, मुलाला गुण उत्तम असतात. डब्यातल्या भाजीचा वास, नावाचे मोडके उच्चार, मित्राकडे रात्री राहायला जाण्यावरून होणारे वाद हे सगळे घडते आणि बहुतेक वेळा वयाबरोबर निवळते. व्हिसाचे उलट आहे. मूल जसजसे मोठे होते, तसतशी त्याची शेवटची तारीख जवळ येते. अभ्यासकांनी जितकी शाई संस्कृतिसंघर्षावर खर्च केली, त्याच्या निम्मी जरी या तारखेवर केली असती तरी बरे झाले असते.

कागदपत्रे नसलेल्या तरुणांचा अभ्यास करणाऱ्या रॉबेर्तो गोन्झालेस यांनी नेमके वळण टिपले आहे. शाळेत सगळे सारखेच असतात. सोळा ते अठराच्या दरम्यान बरोबरीची मुले गाडीचा परवाना, पहिली नोकरी आणि कॉलेजची आर्थिक मदत यांच्या मागे लागतात, तेव्हा आपण वेगळे आहोत हे या मुलांना कळते. एच-फोरची मुले पूर्णपणे कायदेशीर असूनही जवळपास तिथेच अडखळतात. परवाना मिळतो, पण काम करण्याची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही नाही आणि सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानातही पगारी काम करता येत नाही. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. २०१२ मध्ये लहानपणी आणलेल्या मुलांना संरक्षण देणारी डाका योजना आली. त्या वर्षीच्या १५ जूनला अर्जदाराकडे वैध दर्जा नसावा, अशी तिची अट होती. नियम पाळून आलेली मुले त्यामुळेच बाहेर राहिली.

प्रस्तुत लेखकाची भाची सांगलीहून २००९ मध्ये, सहाव्या वर्षी, न्यू जर्सीला गेली. वडिलांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा, २०१४ ची. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ठरवली. त्यांतच नोकरदाराची बायको-मुलेही मोजली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. आइसलँडला तीच मर्यादा आणि भारतालाही तीच. भाची २०२४ मध्ये एकवीस वर्षांची झाली, तेव्हा परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये वडिलांच्या अर्जाच्या वर्गातल्या भारतीयांची तारीख २०१२ मध्ये घुटमळत होती.

मुलांचे वय गोठवणारा एक कायदा २००२ पासून आहे. त्यातला हिशेब नीट पाहण्याजोगा आहे. तारीख ‘करंट’ होईल, म्हणजे रांगेत नंबर येईल, त्या दिवशीचे मुलाचे वय घ्यायचे आणि मालकाने केलेला आय-१४० हा अर्ज जितके दिवस सरकारकडे पडून होता, तितके दिवस त्यातून वजा करायचे. फक्त तितकेच. त्याआधी कामगार खात्याच्या मंजुरीत गेलेला काळ धरत नाहीत, अर्ज मंजूर झाल्यावर रांगेत गेलेली दहा-बारा वर्षेही धरत नाहीत. म्हणजे सरकारने अर्ज रखडवला तर मुलाचा फायदा, झटपट निकाली काढला तर तोटा. भाचीच्या वडिलांच्या कंपनीने मोठ्या आपुलकीने जादा शुल्क भरून तो अर्ज तातडीच्या खिडकीत टाकला आणि तो दोन आठवड्यांच्या आत मंजूर झाला. घरी पेढे वाटले गेले. मुलीच्या वयातून वजा झाले ते दोन आठवड्यांहूनही कमी. शेजारच्या कंपनीतल्या सहकाऱ्याचा साध्या टपालाने गेलेला अर्ज कित्येक महिने पडून राहिला, तेवढे महिने त्याच्या मुलाच्या पदरात पडले. घाई करणाऱ्याला दंड आणि दिरंगाईला बक्षीस देणारा असा नियम कुठल्या टेबलावर लिहिला गेला असेल, हे कोडे सुटत नाही. तसे पाहिले तर या घराला त्या महिन्यांनीही काही साधले नसते, रांगच तेवढी लांब होती. तरीही तो पेढ्यांचा डबा आठवला की संताप येतो. बुलेटिनमधल्या दोन तारखांपैकी आधी येणारी तारीख धरण्याची सवलत २०२३ च्या फेब्रुवारीत मिळाली. २०२५ च्या ऑगस्टपासून नव्या अर्जांना तीही राहिली नाही.

धाकटा भाऊ न्यू जर्सीतच जन्मला, म्हणून तो जन्मतः नागरिक. एकाच खोलीत वाढलेल्या दोघांपैकी एकाला दर महिन्याचे बुलेटिन पाहायचे असते आणि दुसऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते. भावंडांत यावरून भांडण होत नाही. भाऊ अपराध्यासारखा गप्प बसतो, आणि त्याचाच बहिणीला राग येतो.

राग काढायला जागा नसणे, हा या मुलांचा खरा त्रास. शाळेच्या समुपदेशिकेला एच-फोर म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा तास जातो, आणि मग ‘तुझे गुण तर छान आहेत’ असे उत्तर मिळते. आईवडिलांवर रागवावे, तर ‘तुमच्यासाठीच तर आलो’ हे वाक्य तयार असते. ते खरेही असते, म्हणून अधिक जड. झोप उडते, पुढच्या वर्षाविषयी कोणी विचारले की मूल विषय बदलते, आणि घरचे त्याला वयाचा विक्षिप्तपणा समजतात.

हे मुलाला केव्हा सांगावे, यावर पालकांत दोन तट आहेत. बाराव्या-तेराव्या वर्षी सांगून टाकावे, म्हणजे राज्य, कॉलेज आणि शाखा विचारपूर्वक निवडता येते, असा सल्ला बरेच वकील देतात आणि तो व्यवहाराचा आहे. निवासी विद्यार्थ्यांचे शुल्क एच-फोरला कोणत्या राज्यात लागू होते, हे आधीच पाहिलेले बरे. भाचीला आठवीतच सांगितले होते. तिने त्याच वर्षी डॉक्टर होण्याचे बोलणे बंद केले, कारण अनेक वैद्यकीय कॉलेजे परदेशी विद्यार्थी घेत नाहीत, हे तिने स्वतःच शोधून काढले. ओळखीतल्या एका मुलाला बारावीत गेल्यावर कळले. त्याची शाळा मजेत गेली, पण नंतर बरेच दिवस तो वडिलांशी बोलला नाही. लवकर सांगणेच शहाणपणाचे, हे मत या दोन उदाहरणांनंतर तितकेसे ठाम धरवत नाही.

वाढदिवसाआधी अर्ज करून दर्जा बदलता येतो. विद्यार्थ्याचा एफ-वन घेताना मात्र मायदेशी घर आहे आणि शिकून तिकडेच परतायचे आहे, असे पटवावे लागते. सांगलीत सुट्टीपुरती राहिलेल्या मुलीने ते सांगायचे. अमेरिकेतच दर्जा बदलला, तरी भारतात आल्यावर परतीच्या शिक्क्यासाठी दूतावासाची खिडकी चुकत नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या मुलाखतीत नकार मिळाला, तर कॉलेज अर्ध्यावर. म्हणून आजीच्या पंच्याहत्तरीला आईवडील आणि भाऊ आले. भाचीने औक्षण व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले.

आणि तरीही, दर्जा बदलल्यावर ती खचेल असा सगळ्यांचा जो होरा होता, तो खोटा ठरला. एफ-वनवर विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला वीस तासांपर्यंत कॉलेजच्या आवारात काम करता येते. तिला ग्रंथालयात काम लागले, सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला, पहिला पगार हाती आला. ती परदेशी ठरली त्याच वर्षी तिची झोप सुधारली. धास्तीच जास्त जाच करत होती, असे तिचे म्हणणे. ते ऐकून बरे वाटावे की वाईट, हे घरात अजून कोणाला ठरवता आलेले नाही.

पदवीनंतर सरावासाठी वर्षभर नोकरी करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४ महिने मिळतात. त्यानंतर एच-वन-बीची सोडत. या सोडतीत वर्षाला ६५ हजार जागा असतात, अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. नंबर लागला, तर मालक भाचीसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतो. त्यात वडिलांची २०१४ ची तारीख धरली जात नाही. तिची प्रायॉरिटी डेट तिच्या स्वतःच्या अर्जापासून सुरू होते.