हरलेला डाव

२८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती. म्हणजे दोन्ही बाजूंना आपल्याच मुली. त्या वेळी दिव्याचे वय अवघे १९ वर्षांचे. या विजयाबरोबरच तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. विदर्भाच्या एका टोकाला घडून आलेल्या या आनंदाची लाट दुसऱ्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या धाडपर्यंत येऊन पोहोचली. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर पाचसहा मुले मला अडवून उभी राहिली. "फादर, तुम्हाला बुद्धिबळ येतं म्हणे. आम्हाला शिकवा ना!"

मला बुद्धिबळ येते ते नागपूरचेच. सेमिनरीवरून ज्या टेकडीला सेमिनरी हिल्स हे नाव पडले, तिथे मनोरंजनाच्या तासात एका वयाने मोठ्या गुरुबंधूने मला हा खेळ शिकवला. त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मी बुलढाण्याहून प्लास्टिकच्या मोहऱ्यांचे चार संच आणले आणि शनिवारी दुपारी वर्ग सुरू केला. चौदा मुले आली. त्यांत आपल्या भाविकांची होती, तशी शेजारपाजारचीही होती.

पहिला वर्ग पुरता फसला. बत्तीस मोहरे मांडून मी तासभर प्रवचन केले. कोण सरळ चालतो, कोण तिरका, कोण उडी मारतो, किल्लेकोट म्हणजे काय, सारे एका दमात सांगून टाकले. मुलांच्या लक्षात एकच गोष्ट राहिली. आपण ज्याला उंट म्हणतो त्याला इंग्रजीत बिशप म्हणतात, हे ऐकून ती पोट धरून हसली. पुढच्या शनिवारी चौदांपैकी सातच आली.

तेव्हा मी उलट्या बाजूने सुरुवात केली. क्यूबाचा विश्वविजेता कापाब्लांका असेच सांगत असे: आधी शेवट शिका, जेव्हा पटावर मोहरे थोडे उरलेले असतात, आरंभाचे मग पाहू. मी फक्त प्यादी मांडली. आठ पांढरी, आठ काळी. ज्याचे प्यादे आधी पलीकडच्या रांगेत पोहोचेल तो जिंकला. मुलांना हे लगेच रुचले. पुढच्या शनिवारी एक राजा आणि त्याच्याविरुद्ध दोन हत्ती. एक हत्ती वाट अडवतो, दुसरा शह देतो. मग पहिला पुढे सरकतो. असे करत राजाला पटाच्या काठाशी नेऊन मात करायची. मग घोडा, मग उंट, मग वजीर. दीड महिन्याने पट पूर्ण भरला, तेव्हा कोणता मोहरा कसा चालतो हे कोणालाही विचारावे लागले नाही.

नियम एकच कडक ठेवला: हात लावला की तीच चाल. पहिले काही दिवस यावरून रडारड झाली. एका मुलीचे आजोबा दाराशी बसून खेळ पाहत. त्यांना जुनी देशी पद्धत येत होती. त्यांच्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, आणि राजाला, शह लागलेला नसेल तर, एकदा घोड्याची उडी मारता येई. "तुमच्या खेळात फार घाई आहे, फादर," ते म्हणत. त्यांचे म्हणणे किती खरे होते, ते मला पुढे कळले.

१५ ऑक्टोबरला अविलाच्या संत तेरेजाचा सण असतो. त्या आठवड्यात मी मुलांना तिची गोष्ट सांगितली. स्पेनमध्ये बुद्धिबळपटू तिला आपली आश्रयदाती संत मानतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिच्याच देशात या खेळातील वजिराला, म्हणजे तिकडच्या राणीला, आजचे मोठे बळ मिळाले. 'पूर्णत्वाचा मार्ग' हा ग्रंथ आपल्या धर्मभगिनींसाठी लिहिताना तेरेजाने याच खेळाचा दाखला दिला: स्वर्गीय राजाला मात द्यायची तर ती राणीच देऊ शकते, आणि ती राणी म्हणजे नम्रता. मठात हा खेळ निषिद्ध होता, तरी आपल्याला तो येतो अशी कबुलीही तिने तिथेच देऊन टाकली. ग्रंथ पुन्हा लिहून काढताना तिने तो भाग गाळला. पण पहिले हस्तलिखित टिकले, आणि म्हणून आज तो आपल्याला वाचता येतो. नम्रतेवर मी त्या दुपारी फार सुंदर बोललो, असे माझे मलाच वाटले.

आणि त्यानंतर तासाभरातच ते घडले. एका बारा वर्षांच्या मुलाचा वजीर गेला होता, एक हत्तीही गेला होता. तो कपाळावर हात ठेवून एकेका चालीला पाच पाच मिनिटे लावत होता. बाकीची मुले खोळंबली होती. मी त्याच्या पटाशी गेलो आणि म्हणालो, "अरे, आता डाव सोड. हरलेला डाव सोडून देण्यातच शहाणपण असतं. मोठे खेळाडू तसंच करतात."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मग आपला राजा हलकेच आडवा केला आणि उठून निघून गेला. पुढचे दोन शनिवार तो आला नाही.

वाचकहो, त्या मुलाच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपवली होती. मी या धर्मग्रामात आलो तो त्यानंतर. पण ही गोष्ट मला ठाऊक होती. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आमचा बुलढाणा होता. अशी घरे इथल्या धर्मगुरूला शोधावी लागत नाहीत. हे सारे ठाऊक असूनही, घाईच्या त्या क्षणी मी काय बोलतो आहे याचे भान मला राहिले नाही.

मी त्याच्या घरी गेलो. आई अंगणात कापूस निवडत होती. मुलगा ओट्यावर बसला होता. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तोच म्हणाला, "फादर, तुम्हीच तं म्हणलं, हरलेला डाव सोडून द्यावा. मंग माह्या बाबाचं बरोबरच होतं का?"

आईचे हात थांबले.

सेमिनरीत शिकलेले नीतिशास्त्र मला आठवले. पूर्वी अशा मृतांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ च्या नव्या धर्मविधिसंहितेत ती बंदी उरलेली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा सांगते की तीव्र मनोवेदनेत माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, त्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. आपल्याला अज्ञात अशा मार्गाने देव त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. पण बारा वर्षांच्या मुलापुढे ग्रंथ कसा उघडायचा?

मी म्हणालो, "नाही बाळा, ते बरोबर नव्हतं. आणि मी जे बोललो तेही बरोबर नव्हतं. मोठे खेळाडू डाव सोडतात, कारण लगेच दुसरा डाव मांडता येतो. आयुष्य तसं पुन्हा मांडता येत नाही. तुझ्या बाबांना फार दुखत होतं, आणि ते आपल्यापैकी कोणाला दिसलं नाही. देवाला ते दिसलं होतं. त्यांना देवाने हरलेल्यांत मोजलं, असं मी कधीही म्हणणार नाही." मग मी त्याची क्षमा मागितली. धर्मगुरूने क्षमा मागितलेली पाहून आई संकोचली. नम्रता शिकवण्यापेक्षा ती करणे किती कठीण, हे मला त्या अंगणात उमगले.

पुढच्या शनिवारी मी वर्गात नवा नियम सांगितला: या वर्गात कोणीही डाव सोडायचा नाही. खरे तर नवशिक्यांना शिकवणारा कोणताही जाणता शिक्षक हे पहिल्याच दिवशी सांगतो. नवशिका समोरचाही चुकतो. जिंकत आलेला वजीर फुकट देऊन बसतो. त्या दिवशी मी एकट्या राजाचा एक धडा घेतला. राजाला शह नाही, पण हलायला सुरक्षित घरही नाही, आणि दुसरी कोणती चाल उरलेली नाही, अशी स्थिती आली की डाव बरोबरीत सुटतो. सारे सैन्य गमावलेल्या राजालाही अर्धा गुण मिळतो! मुलांचा विश्वासच बसेना. त्यांनी ती स्थिती पुन्हा पुन्हा मांडून पाहिली. तो मुलगा मागे उभा राहून पाहत होता.

नोव्हेंबरात मृत भाविकांच्या दिवसासाठी घरोघरची नावे लिहून येतात. त्या घरातून आधी त्या एका माणसाचे नाव कधी आले नव्हते. या वेळी आईने ते स्वतःच्या हाताने लिहून दिले. वेदीवरून मी ते इतर नावांसारखेच, इतर नावांमध्येच वाचले. याचे श्रेय बुद्धिबळाला देण्याचा मोह मी टाळतो. त्या माउलीच्या मनात काय घडले, ते तिला आणि प्रभूला ठाऊक.

नाताळनंतरच्या एका शनिवारी तो मुलगा वर्गातील सर्वांत हुशार मुलीशी खेळला. हळूहळू त्याचे सारे गेले. शेवटी राजा आणि एक प्यादे उरले. मी दूरच बसून राहिलो. राजा या घरातून त्या घरात सरकत होता, बरोबरीची वाट शोधत होता. ती मुलगी सावध होती. तिने ती वाट मिळू दिली नाही. अखेर मात झाली.

कागदावर ओढलेल्या रेघा तो मोजू लागला. प्रत्येक चालीला त्याने एक रेघ ओढली होती.

"फादर, चौपन्न चाली झाल्या," तो म्हणाला, आणि पुढच्या डावासाठी प्यादी मांडू लागला.