आडवी बाटली, उभी बाटली

वाइन फेअर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही येतं ना, मंद दिवे, पियानो, काळ्या ड्रेसमधल्या बायका... ते आधी पुसून टाका. मुंबईत बीकेसीच्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये भरणारं ‘प्रोवाइन मुंबई’ हा सरळसरळ बाजार आहे. एसी आहे, गालिचे आहेत, गळ्यात बॅज आहेत, पण वातावरण मोंढ्याचं. भाव, मार्जिन, परमिट, कंटेनर, हेच शब्द कानावर पडत राहतात. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला १९९४ पासून याच नावाचं भलंमोठं ट्रेड फेअर भरतं, त्याचं हे मुंबईतलं धाकटं भावंड.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मी तिथे होते ते एका फ्रीलान्स असाइनमेंटसाठी. शब्दामागे पैसे, त्यामुळे प्रत्येक स्टॉलवर थांबणं परवडणारं. मास कॉममध्ये आम्हाला मीडिया लॉ शिकवतात, टॅनिन नाही. तेव्हा पहिला तासभर मी फक्त लोक काय करतात ते बघितलं. ग्लास फिरवतात, नाक घालतात, घोट घेतात आणि मग... थुंकतात. प्रत्येक टेबलावर चकचकीत स्टीलची पिकदाणी! हजारो रुपयांची वाइन, आणि सूट घातलेले लोक अगदी सराईतपणे थुंकताहेत. विदर्भातल्या मुलीला थुंकणाऱ्यांचं काय अप्रूप? खर्रा खाणाऱ्यांमध्ये वाढलोय आम्ही. पण शुद्धीत राहण्यासाठी थुंकणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते.

ऑस्ट्रियाच्या कोपऱ्यात एका छोट्या टेबलामागे बाप-लेक उभे होते. बाप साठीच्या पुढचा, मुलगी माझ्याच वयाची. व्हिएन्नाच्या उत्तरेला वाइनफिर्टेल नावाचा प्रदेश आहे, तिथले. चौदा हेक्टर, म्हणजे साधारण पस्तीस एकर. द्राक्षं यांचीच, वाइन यांचीच, बाटल्या घरच्याच शेडमध्ये भरायच्या आणि लेबलवर आडनावही यांचंच. मुलगी इंग्रजीत बोलत होती. बाप नुसता ओतत होता. मी त्याचे हात बघत होते. भेगाळलेली बोटं, अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ. हे हात मला पाठ आहेत. असेच दोन हात देऊळगाव राजा तालुक्यात आमच्या शेडनेटमध्ये रोज राबतात.

त्यांची मुख्य वाइन ग्रुनर वेल्टलिनरची. नाव घाबरवणारं आहे, पण चव सोपी. हिरव्या सफरचंदासारखी आंबट, आणि शेवटी जिभेवर पांढरी मिरी कुटल्यासारखा झटका. ऑस्ट्रियात सगळ्यात जास्त लागवड याच द्राक्षाची. मला एकदम ज्वारीची भाकरी आणि ठेचा आठवला, आणि मी तसं सांगून टाकलं. मग ठेचा म्हणजे काय, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली.

‘‘तू कुठली?’’ मुलीनं विचारलं. बुलढाणा कुणालाच माहीत नसतं, म्हणून आम्ही सगळे जगाला लोणारचा पत्ता देतो. उल्का पडून झालेलं सरोवर, त्याच्या जवळची. तिनं फोनवर नकाशा काढला. तिथे द्राक्षं होतात का? आमच्याकडे नाही. नाशिकला होतात, सांगलीला होतात. तिला नाशिकची माहिती होती, पण वर्षातून दोनदा छाटणी करतात हे नव्हतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी दुसरी. तिनं बापाला जर्मनमध्ये सांगितलं, तसा तो पहिल्यांदा हसला. त्यांचा वेल हिवाळाभर बर्फात झोपतो. तुमचा झोपतो कधी? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग मी आमच्याबद्दल सांगितलं. आमच्या भागात भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. मिरची, टोमॅटो, काकडी. संकरित बियाणं म्हणजे सगळं हातकाम. संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. शेतात याला सगळे ‘क्रॉसिंग’च म्हणतात. बियाणं कंपनीला जातं, मग तपासणी होते. उगवण किती, शुद्धता किती. पास झालं तर पैसे, फेल झालं तर वर्ष गेलं. बाबांचा एक लॉट असाच फेल गेला होता. का, ते कुणी समजावून सांगितलं नाही, नुसता निकाल कळवला. त्या वर्षी माझी हॉस्टेलची फी आईच्या पाटल्यांतून भरली गेली.

म्हाताऱ्यानं लेकीकरवी एकच प्रश्न विचारला. पाकिटावर तुझ्या वडिलांचं नाव असतं का?

नाही. कंपनीचं असतं. आणि लॉट नंबर.

त्यानं बाटली उचलली आणि झाकण माझ्यासमोर धरलं. झाकणावर लाल-पांढरा-लाल पट्टा, ऑस्ट्रियाच्या झेंड्याचे रंग, आणि त्यावर बारीक आकडे. ‘‘हा आमचा नंबर,’’ मुलगी म्हणाली, ‘‘आणि हा नियम कसा आला माहितेय?’’

ती गोष्ट तिला घरात ऐकून पाठ होती. १९८५. ऑस्ट्रियातले काही व्यापारी आणि उत्पादक वाइन गोड आणि दाट वाटावी म्हणून तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळत होते. हे उघडकीला आलं आणि देशोदेशीच्या दुकानांतून ऑस्ट्रियाच्या बाटल्या काढून टाकल्या गेल्या. निर्यात जवळजवळ बसली. भेसळ काहींची, पण घरी परत आली सगळ्यांची वाइन. तिच्या आजोबांचीही. त्याच वर्षी ऑस्ट्रियानं कडक कायदा केला. दर्जेदार वाइनला सरकारी चाचणी आणि चाचणीचा नंबर. हेक्टरी किती माल काढायचा यावरही मर्यादा. आज कुणी बाटलीवर बोट ठेवलं तर ती कुणाच्या घरातून निघाली हे कळतं. ‘‘आमच्या आजोबांनी तेव्हा शेत विकायला काढलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी घेतलं नाही, म्हणून आम्ही वाइनमेकर!’’

त्या रात्री आईचा फोन आला. कुठे आहेस? दारूच्या प्रदर्शनात. पलीकडे शांतता.

या शांततेला कारण आहे. माझा धाकटा काका दारूनं गेला. पस्तिसाव्या वर्षी, लिव्हरनं. त्यानंतर दोन वर्षांनी गावातल्या बायकांनी दुकान बंद करायची मागणी केली. आपल्या राज्यात त्याची पद्धत ठरलेली आहे. पुरेशा बायकांनी सह्या केल्या की गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गंमत अशी, की मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी घरात बसली तिचं मत दुकानाला! आई त्या दिवशी सकाळपासून घरोघर फिरत होती. एका बाळंतिणीलाही तिनं बाळासकट केंद्रावर नेलं. बाटली आडवी झाली. पुढे शेजारच्या गावातून मोटरसायकलवर पव्वे येऊ लागले, ते वेगळं.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं, शेतकऱ्यांचं भलं होईल म्हणून. तेव्हा टीव्हीवर रोज चर्चा, वाइन म्हणजे दारू की नाही. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती, ‘‘काकानं कुठं लेबल वाचलं होतं?’’

फोनवर तिनं बऱ्याच वेळानं विचारलं, ‘‘बनवणाऱ्या बायका पण असतात?’’ असतात, म्हटलं. माझ्याएवढी आहे एक. ‘‘मग तिला विचार. तिच्या घरात कुणी दारुडं नाही झालं का?’’

मुलाखतीत असला प्रश्न आम्ही विचारत नाही. समोरच्याला अवघडवणारा, आणि वाइनच्या मॅगझिनला तर नकोच असलेला. तरी दुसऱ्या दिवशी विचारला. माझ्या आईचा प्रश्न आहे, असं सांगून विचारला. मुलीनं लगेच उत्तर दिलं नाही. आधी बापाला विचारलं, सांगू का म्हणून. त्यानं मान हलवली.

होता. आजोबांचा भाऊ. तळघरात पिंपांची कामं तोच बघायचा आणि दुपारनंतर कामाचा उरायचा नाही. त्याचं नाक मात्र आजोबांपेक्षा चांगलं होतं. कुठलं पिंप बिघडणार हे त्याला आधी कळायचं. त्यामुळे घरच्यांनी चालवून घेतलं, बरीच वर्षं. एका हिवाळ्यात तो तळघराच्या पायऱ्यांवर सापडला. ‘‘त्याच्यानंतर आमच्याकडे तळघरात एकट्यानं चव घ्यायची नाही,’’ ती म्हणाली. ‘‘दोघं पाहिजेत. आणि थुंकायचं.’’ बाप इतका वेळ पिकदाणी पुसत होता. त्यानं ती उगाचच दोन इंच सरकवली.

माझ्या लेखात यातलं काहीच आलं नाही. साडेसहाशे शब्द हवे होते, त्यात आयात शुल्क दीडशे टक्के, त्यावर राज्याचे कर, मग ग्रुनर वेल्टलिनर भारतात किती रुपयांना पडेल, असं सगळं बसवलं. बाप-लेकीला दोन दिवसांत कार्डं खूप मिळाली, ऑर्डर एकही नाही. जाताना मुलीनं मला एक बाटली दिली आणि त्यांचं कार्ड. कार्डावर घराचा फोटो. दारावर फांदी टांगलेली. त्यांच्याकडे शेतकरी वर्षातले काही आठवडे स्वतःच्या घरी स्वतःची वाइन पाजू शकतो, १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफनं दिलेली परवानगी. दारावर फांदी असली की घर उघडं आहे, या आणि बसा.

पुढे घरी गेले, जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी, तेव्हा कार्ड बाबांना दाखवलं. बाटली मुंबईत रूममेटकडे ठेवून आले होते, तेवढी अक्कल आहे. बाबांनी फोटो लांब धरून बघितला. हेक्टरी माल किती काढायचा हे सरकार ठरवतं, आणि तेही जास्त नको म्हणून, हे ऐकून त्यांना खूप हसू आलं. मग १९८५ ची गोष्ट सांगितली. दुसऱ्यांनी भेसळ केली आणि यांचा माल परत आला, ते. बाबा हसायचे थांबले.

‘‘म्हंजे ह्यांचा पण लॉट फेल गेला होता,’’ ते म्हणाले. ‘‘पण का, ते ह्यांना कळलं तरी.’’

आईनं कार्ड हातात घेतलं. आजोबांच्या भावाची गोष्ट मी तिला फोनवरच सांगितली होती. तिनं फोटोतली माणसं एकेक करून बघितली, बायका वेगळ्या मोजल्या.

‘‘ती बाटली कशी ठेवली तू?’’ तिनं विचारलं. ‘‘उभी का आडवी?’’